घरी केस रंगवताना या चुका टाळा: पैसे नेमके कुठं वाया जातात

पहिल्यांदा घरी केस रंगवले तेव्हा मी आरशासमोर भलतीच खूश होते. कपाळावरचे पांढरे गायब, भांग एकसारखा. तेवढ्यात धाकटी बहीण मागून आली आणि म्हणाली, "ताई, मागं हा पट्टा कसला गं?"

डोक्याच्या मागं, जिथं हात पोचतो पण नजर पोचत नाही, तिथं चार बोटं रुंदीची जागा कोरीच राहिली होती. मी तिरीमिरीत दुसरं पाकीट फोडलं आणि मुळांपासून टोकांपर्यंत सगळीकडं फासलं. पट्टा झाकला गेला, पण टोकं शाईत बुडवून काढल्यासारखी काळीकुट्ट झाली. थोडी थोडी करत ती कापून टाकायला वर्ष गेलं.

पहिल्या पाकिटानं माझं काहीच बिघडवलं नव्हतं. सगळा घोळ दुसऱ्यानं केला. स्वस्त रंगामुळं केसांची वाट लागते असं लोक म्हणतात, पण माझा अनुभव असा की पैसे जातात ते निस्तरण्यात, आणि केस बिघडतात तेही निस्तरण्यातच.

कायमस्वरूपी रंगाच्या पाकिटात दोन भाग असतात: रंगाचं क्रीम आणि त्यात कालवायचं डेव्हलपर. क्रीममधला अमोनिया (किंवा त्याच्या जागी घातलेलं इथॅनॉलअमाइन) केस फुगवतो आणि त्याच्या वरचे खवले उचलतो. डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून केसाचा मूळ रंग थोडा फिकट करतं, आणि त्याच वेळी पीपीडी (पॅरा-फिनिलीनडायअमाइन हे रंग तयार करणारं रसायन) यासारख्या लहानलहान रेणूंना एकमेकांत जोडून मोठे रंगीत रेणू तयार करतं. आत जाताना बारीक असलेले हे रेणू मोठे झाले की आतच अडकतात. यूजीन श्युलर नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९०७ मध्ये असा रंग बाजारात आणला आणि त्यातून पुढं लॉरिआल ही कंपनी उभी राहिली. तेव्हापासून मूळ रसायन फारसं बदललेलं नाही. महागड्या पाकिटात छटा जास्त मिळतात, वास कमी येतो, सोबतचा कंडिशनर बरा असतो. पांढरे केस झाकायचं काम साधं पाकीटही करतं.

"अमोनिया नाही" असं लिहिलं म्हणजे पाकिटात रसायनच नाही, असा समज करून घेऊ नका. अमोनिया उडून जातो म्हणून नाकाला झोंबतो. इथॅनॉलअमाइन उडत नाही म्हणून वास येत नाही, इतकंच.

दर वेळी सगळे केस रंगवणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. म्हणजे दीड महिन्यानं रंगवायला बसलात तर नवीन आलेला भाग जेमतेम दीड सेंटीमीटर असतो आणि खाली सगळं आधीच रंगवलेलं असतं. त्यावर पुन्हा पुन्हा थर चढवत गेलं की टोकं गडद होत जातात, कोरडी पडतात, फुटतात. शिवाय पाकीट पुरं पडत नाही म्हणून दोन लागतात.

फक्त मुळं रंगवायची असतील तर बहुतेकांना अर्धं पाकीट पुरतं. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, क्रीम आणि डेव्हलपर पत्रकात दिलेल्या प्रमाणात मोजून तेवढंच कालवा. उरलेल्या ट्यूबचं आणि बाटलीचं झाकण घट्ट लावून ठेवलं की पुढच्या खेपेला कामी येतं. कालवलेलं मिश्रण मात्र अजिबात साठवू नका. त्यात वायू तयार होत राहतो आणि बंद बाटली फुगून फुटू शकते. कालवायला भांडं प्लॅस्टिकचं किंवा काचेचं घ्या, धातूचं नको.

टोकांचा रंग उतरलाच असेल तर शेवटची पाच-सात मिनिटं ओल्या बोटांनी मिश्रण खाली ओढून घ्या. तेवढ्यानं चमक परत येते.

मागचा पट्टा राहू नये म्हणून मी आता काय करते ते सांगते. आधी कपाळापासून मानेपर्यंत मधोमध भांग, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आडवा. चार भाग झाले. चारही पिळून चिमट्यांनी बांधून टाकायचे. एक सोडायचा, ब्रशच्या शेपटीनं करंगळीच्या नखाएवढी पातळ बट उचलायची, मुळाला दोन्ही बाजूंनी रंग लावायचा, ती पलीकडं टाकायची, पुढची उचलायची. मागच्या भागासाठी दुसरा आरसा हवा. तो हातात धरून काम होत नाही, कुठंतरी टेकवावाच लागतो. पहिल्यांदा हे सगळं कंटाळवाणं वाटतं. तिसऱ्या खेपेला पंधरा-वीस मिनिटांत उरकतं.

सुरुवात जिथं पांढरे जास्त तिथून करा, बहुतेकांच्या कानशिलांवरून. पांढरे केस पुष्कळदा जाड आणि हट्टी असतात, त्यांना पूर्ण वेळ मिळायला हवा. घड्याळ शेवटची बट लावून झाल्यावर लावायचं.

वेळेशी खेळ

"जरा जास्त ठेवलं तर पक्का बसेल" हा गैरसमज. दिलेली वेळ संपेपर्यंत रंगाचे रेणू तयार होऊन बसलेले असतात. पुढं ठेवून केस आणि टाळूच तेवढी सोलवटते. उलट दहा मिनिटं आधी धुतलं तर रेणू अर्धवट राहतात आणि रंग दोन आठवड्यांत उतरतो. मग पाकिटाला शिव्या.

चाचणी टाळणं

इथं मी काटकसरीच्या बाजूनं काहीही ऐकून घेत नाही. पीपीडीची ॲलर्जी हा या रंगांचा खरा धोका आहे. युरोपात डोक्याला लागणाऱ्या मिश्रणात त्याचं प्रमाण २ टक्क्यांपेक्षा जास्त ठेवायला परवानगी नाही, यावरून काय ते समजा. कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, पत्रकात सांगितल्याप्रमाणे थेंबभर लावा आणि ४८ तास वाट पाहा. रात्री लावून सकाळी पाहणं पुरत नाही, कारण ही ॲलर्जी उशिरा उमटते.

"मी दहा वर्षं हाच लावते" याला अर्थ नाही. शरीर इतकी वर्षं सोसून अकराव्या वर्षी बिथरू शकतं. कधी काळी अंगावर काळ्या मेंदीचा तात्पुरता टॅटू काढून तिथं खाज किंवा फोड आले असतील, तर केसांच्या रंगापासून लांबच राहा. त्या काळ्या मेंदीत बहुतेक वेळा पीपीडीच असतं. रंग लावल्यावर आग झाली, पापण्या किंवा चेहरा सुजला, तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि डॉक्टर गाठा. श्वास अडकायला लागला तर थेट दवाखान्याच्या तातडीच्या विभागात. भुवया आणि पापण्यांना हा रंग कधीच नाही.

दुसरी चाचणी बटेची, आणि ती फुकट होते. कंगव्यात अडकलेले केस आठवडाभर जमवा, दोऱ्यानं जुडी बांधा, चमचाभर मिश्रण कालवून ती त्यात बुडवा. वेळ झाली की धुवून, वाळवून उजेडात बघा. पाकिटावरच्या बाईच्या केसांपेक्षा ही जुडी कितीतरी खरं बोलते.

चित्र पाहून छटा निवडणं

चित्राऐवजी आकडा वाचा. बहुतेक कंपन्यांत १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी. टिंबानंतरचा आकडा झाक सांगतो: साधारणपणे १ राखाडी, ३ सोनेरी, ४ तांबूस. गोंधळलात तर तुमच्या केसांपेक्षा एक पायरी फिकट घ्या, कारण गडद करणं कधीही सोपं. उलटा प्रवास अवघड आहे: आधी रंगवलेल्या केसांवर फिकट छटा लावली तरी ते उजळत नाहीत, फक्त नवी मुळं उजळतात. काळ्या टोकांवर तपकिरी मुळं हा देखावा असाच तयार होतो.

डेव्हलपरमध्ये ३, ६, ९ आणि १२ टक्के पेरॉक्साइड असे प्रकार येतात. पांढरे झाकायला ६ टक्के पुरतं. त्याहून जोरदार बाटली घरी कशाला हवी, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

मेंदी म्हणजे निर्धास्त

शुद्ध मेंदीत लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, ते केसातल्या केरॅटिन या प्रथिनाला घट्ट चिकटतं आणि एकच रंग देतं, तांबडा-नारिंगी. काळ्या केसांवर लालसर झाक, पांढऱ्यावर थेट नारिंगी. "काळी मेंदी", "ब्राऊन मेंदी" असं काही पाकिटावर दिसलं की मागचे घटक वाचा. त्यात नीळ, म्हणजे नीळीच्या झाडाच्या पाल्याची पूड असेल तर ठीक. पीपीडी असेल तर तो सरळ रासायनिक रंगच आहे, ४८ तासांच्या चाचणीसकट. काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात. अशा केसांवर पेरॉक्साइडवाला रंग लावला तर केस तापून तुटू शकतात. म्हणून मेंदीवरून रंगाकडं वळताना जुडीची चाचणी सोडू नका. भांडं गरम लागलं, फेस आला किंवा केस ओढल्यावर च्युइंगगमसारखे ताणले, तर तो बेत रद्द.

बिघडलंच तर

घाबरून त्याच दिवशी दुसरं पाकीट फोडायचं नाही. माझं उदाहरण वर दिलंच आहे.

फार गडद झालं असेल तर त्याच दिवशी तेल-चिकटपणा काढणाऱ्या शाम्पूनं किंवा कोंड्याच्या शाम्पूनं दोन-तीनदा धुवा, नंतर भरपूर कंडिशनर. पहिल्या आठवड्यात थोडा रंग आपोआप उतरतो, तेवढं थांबा.

केस नारिंगी झाले तर बरेच जण जांभळा शाम्पू आणतात आणि महिनाभर चोळत बसतात. काही होत नाही, कारण जांभळा पिवळ्याला मारतो. नारिंगीला निळा लागतो. त्यामुळं निळा शाम्पू घ्या, किंवा तितकीच वा एक पायरी गडद अशी राखाडी झाकेची छटा ३ टक्क्यांच्या डेव्हलपरमध्ये कालवून लावा. पुन्हा ब्लीच नको. ब्लीच केलेल्या केसांवर थेट राखाडी तपकिरी लावून हिरवट झाक आली असेल तर तिच्यावर उतारा लालसर छटेचा. पोहण्याच्या तलावानंतर येणारा हिरवटपणा वेगळा; तो पाण्यातल्या तांब्याचा असतो.

पांढरे नीट झाकले गेले नाहीत? बहुतेकदा मिश्रण कमी पडलेलं असतं, वेळ कमी दिलेली असते, नाहीतर निवडलेली छटा झगझगीत लाल असते. अशा लाल छटा एकट्या पांढऱ्यावर तग धरत नाहीत. त्याच पायरीची साधी, बिनझाकेची छटा अर्धी मिसळली की रंग धरतो.

कपाळावरच्या डागांसाठी आधीच केसांच्या कडेनं पेट्रोलियम जेली लावा, केसांना न लावता. ती जिथं लागेल तिथं रंग चढत नाही.

नंतरची देखभाल, कमी खर्चात

रंग उतरतो त्यात शाम्पूइतकाच, किंबहुना जास्तच, पाण्याचा हात असतो. केस भिजले की फुगतात आणि रंग सुटतो. म्हणून रोज न्हाणं टाळा आणि पाणी कोमट ठेवा, कडकडीत नको. पाकिटासोबतचा कंडिशनर एकाच वेळी संपवू नका, रंगानंतर उचललेले खवले खाली बसवायला तो दोन-तीन न्हाण्यांत उपयोगी पडतो. खायच्या सोड्यानं केस धुण्याचे सल्ले सोडून द्या. सोडा अल्कधर्मी, तो खवले पुन्हा उघडतो. लिंबाचा रस लावून उन्हात बसणंही नको.

नारळाच्या तेलावर मात्र माझा भरवसा आहे, आणि तो नुसता सवयीचा नाही. २००३ मध्ये जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्समध्ये आलेल्या एका अभ्यासात नारळ, सूर्यफूल आणि खनिज अशी तीन तेलं तपासली होती. केसातलं प्रथिन वाहून जाणं ठळकपणे कमी केलं ते एकट्या नारळाच्या तेलानं, कारण त्याचे रेणू केसात शिरू शकतात. न्हाण्याआधी टोकांना चमचाभर पुरे. रंगवायच्या दिवशी तेल नको, सीरम तर त्याहून नको. दोन दिवस आधीचं न्हाणं चालतं. टाळूवर थोडा नैसर्गिक तेलकटपणा असलेला बरा, आग कमी होते.

आणि एक वही ठेवा. माझ्या वहीतली शेवटची नोंद अशी आहे: "छटा ४, क्रीम ३० ग्रॅम, डेव्हलपर ३० ग्रॅम, फक्त मुळं, ३५ मिनिटं. डाव्या कानामागं थोडं सुटलं. पुढच्या खेपेला तिथून सुरुवात."