पोरांचा मॅटर (म्हणजे मारामारी) झाला की आपण काय करायचं (आणि काय अजिबात करायचं नाही)

पुण्यात कुठल्यातरी वस्तीत रात्री दहा-बारा गाड्यांच्या काचा फुटतात, सकाळी सीसीटीव्हीचा व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर, तोंडाला रुमाल, हातात कोयता, आणि खाली ठरलेल्या कमेंट, चौकात बडवा ह्यांना, आईबाप काय झोपा काढतात का वगैरे. दोन दिवसांनी त्यातल्या अठरा पूर्ण झालेल्यांची पोलीस त्याच गल्लीतनं धिंड काढतात आणि लोकांना वाटतं चला, जिरली एकदाची. आता आम्हाला वस्तीत काय दिसतं ते सांगते. त्या धिंडीचा व्हिडिओ पण पोरंच काढतात, त्याला गाणं लावतात, स्लो मोशन करतात आणि स्टेटसला ठेवतात. ज्याला शेजारची गल्ली ओळखत नव्हती त्याला आता अख्खा एरिया ओळखतो. त्याला जे पायजे होतं ते आपणच सरकारी खर्चाने दिलं की.

हे एवढं आधी डोक्यात बसवा, मग पुढचं वाचा. हे मी एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) करून नव्याने वस्तीत उतरलेल्यांसाठी लिहितेय, शाळेतले समुपदेशक, अभ्यासिका चालवणारे, मंडळाचे कार्यकर्ते ह्यांनाही चालेल.

मारामारीतनं पोराला काहीतरी मिळत असतं आणि ते काय मिळतं हे शोधल्याशिवाय काम सुरूच होत नाही. एकाला भीती असते, कॉलेजला जायचा रस्ता दुसऱ्यांच्या एरियातनं जातो, एकदा तिथं मार खाल्लाय, आता बॅगेत कोयता ठेवतो म्हणजे कोण हात लावणार नाही. दुसऱ्याला माणसं मिळतात, भाईच्या मागे फिरलं की संध्याकाळचा वडापाव, गाडीत पेट्रोल, वाढदिवसाच्या बॅनरवर कोपऱ्यात का होईना फोटो. तिसरा घरी बापाचा मार खातो आणि बाहेर येऊन तोच मार दुसऱ्याला देतो. चौथ्याच्या पोटात बटण गेलेली असते (झोपेच्या गोळ्या, वस्तीत बटणच म्हणतात) आणि त्याला दुसऱ्या दिवशी धड आठवत पण नाही. ह्या चौघांना एका हॉलमध्ये बसवून दीर्घ श्वास घ्या, राग आला की दहापर्यंत मोजा असा अर्ध्या दिवसाचा वर्कशॉप घ्यायचा, मागे बॅनर, फोटो, रिपोर्टमध्ये लाभार्थी चाळीस, हे प्रकार बंद करा प्लीज. पहिल्याला श्वास नकोय, त्याला रस्ता पायजे. त्याची बॅच बदलून वेळ बदलता येते का बघा, दोघं-तिघं मिळून जातील असं करा, कोयता आपोआप घरी राहायला लागतो. चौथ्याला आधी व्यसनमुक्ती, बाकी सगळं नंतर, पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून ह्याच कामात आहे, आणि रात्री-अपरात्री घरच्यांना फोनवर कोणाशी बोलायचं असेल तर टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर देऊन ठेवा.

आता मॅटर झालाय असं समजू. आपण सगळे ज्याने मारलं त्याच्याकडे पळतो. त्याच्याकडे पोलीस बघतील, तुम्ही ज्याने मार खाल्ला त्याच्याकडे जा, कारण उद्या कोयता घेऊन तोच निघणार आहे, आणि त्याच्या मित्रांनी फिल्डिंग लावायला (बदला घ्यायला पाळत ठेवायला) सुरुवात पण केलेली असते. पहिल्या दोन रात्री सगळ्यात वाईट. कॅज्युअल्टीत टाके पडत असताना शेजारी बसा, उपदेश नाही, का मारलं कोणी मारलं नाही, फक्त एवढं विचारा की आज रात्री झोपणार कुठं. मावशी, आत्या, मामा जे कोण लांब राहत असेल तिथं चार-पाच दिवस पाठवायचं बघा. ग्लासगोमध्ये पोलिसांनीच २००५ मध्ये हिंसा कमी करायचं वेगळं युनिट काढलं, पुढे तिथल्या हॉस्पिटलांच्या इमर्जन्सी वॉर्डात अशा जखमींशी बोलायला माणसं बसायला लागली, ती ह्याच हिशोबाने. जखम ताजी असते तेव्हा पोरगं ऐकतं, टाके निघाले की परत हिरो.

आणि ते मिटवामिटवी प्रकरण. कोणीतरी दादा दोन्ही पार्ट्यांना ऑफिसात बोलावतो, हात मिळवा, चला फोटो. दोन्हीकडच्या पोरांना वाटतं आपल्याला वाकवलं, आणि महिन्याभरात परत राडा. समोरासमोर बसवायचंच असेल तर आधी दोन्ही बाजूंशी वेगवेगळं बोला, दोघांची इच्छा असेल तरच बसवा, आणि ज्याला लागलंय त्याला आधी बोलू द्या, काय झालं, घरात काय झालं, त्याला काय पायजे. कधीकधी फक्त गाडीच्या काचेचे पैसे पायजे असतात हो.

पोरगं तापलेलं असताना शांत हो म्हणू नका, आजपर्यंत कोण त्याने शांत झालेलं नाही. त्याच्या समोर छाती काढून उभं राहायचं नाही, बाजूला, थोडं तिरकं. खांद्यावर हात नाही. सगळ्यात आधी बघणारे हलवा, कारण मित्र बघत असताना त्याला मागे येताच येत नाही, आला तर उद्या सगळे फट्टू म्हणणार. चल जरा चहा मारू म्हणून दहा पावलं बाजूला नेलं तरी अर्धं काम होतं, त्याला इज्जत राखून निघायला वाट मिळते. हातात हत्यार असेल तर हिसकावायच्या भानगडीत पडू नका, लांब व्हा, ११२ लावा.

खरं बोलणं दोन-तीन दिवसांनी. का मारलंस विचारलं की उत्तर तयार असतं, त्याने आईवरून शिवी दिली, नाहीतर धक्का मारला. ते सोडा आणि रिवाइंड करायला लावा, एकेक सेकंद. साधारण असं होतं:

"मिरवणुकीत धक्का लागला, मग दिली ठेवून."
"धक्का लागला तेव्हा शेजारी कोण होतं तुझ्या?"
"पोरं."
"ती काय बोलली?"
"काय नाय. हसली."
"मग?"
"मग काय ताई, तो खुन्नसने बघत होता परत."
"कसं कळलं खुन्नसने बघतोय?"
बराच वेळ गप्प. मग, "डीजेच्या लायटीत काय दिसतंय घंटा."

धक्क्याने काहीच झालेलं नव्हतं, पोरं हसली तिथं ठिणगी पडली. हे तुम्ही सांगायचं नाही, कागदावर धक्का, हसणं, मनात काय आलं, हात असं त्याच्याकडूनच लिहून घ्या आणि मग विचारा, ह्यात कुठं थांबता आलं असतं? त्याचं उत्तर त्याचंच पायजे, मग ते कितीही येडं असलं तरी चालेल, मोबाईल काढून बघत बसलो असतो असं म्हटला तरी चालेल. मग दुसरा कागद, मारल्यावर त्या रात्री काय मिळालं, आणि सहा महिन्यांनी काय. पहिला कॉलम तो पटापट भरतो. दुसऱ्या कॉलमला थांबतो. थांबू दे, तुम्ही भरू नका.

ग्रुपसाठी एक खेळ सांगते, शिकागोत बिकमिंग अ मॅन नावाच्या कार्यक्रमात शाळकरी पोरांसोबत करतात. जोड्या पाडायच्या, एकाच्या मुठीत बॉल, दुसऱ्याने अर्ध्या मिनिटात तो मिळवायचा. आपल्याकडे गोटी घ्या. सगळे बोटं पिळतात, मनगट मुरगळतात, जमिनीवर लोळतात. मग विचारायचं, कोणी नुसतं मागितलं का रे? मागितलं असतं तर दिला असतास का? बहुतेक पोरं म्हणतात हो, एका गोटीसाठी काय. तिथून बोलणं जे सुरू होतं ते तासभर थांबत नाही. त्या कार्यक्रमाचा नीट अभ्यास झालाय, चालू असेपर्यंत हिंसक गुन्ह्यांतल्या अटका निम्म्याच्या आसपास कमी झाल्या होत्या, पण कार्यक्रम संपल्यावर तो फरक टिकलेला दिसला नाही. म्हणून फंड संपला की प्रोजेक्ट बंद करणाऱ्या संस्थांना मी घाबरते.

घरी जायचं तर बाप असताना जा. तो म्हणणार फोडून काढा मॅडम, मी काय बोलणार नाही. त्याला सरळ सांगा की घरातला मार आधी थांबणार, मगच मी बाहेरच्या मारामारीवर काम करणार. आई सगळं झाकते, तिला दोष देऊ नका, तिला दोघांच्या मध्ये उभं राहायचं असतं. घरात सगळ्यात जास्त माहिती बहिणीला असते, पण तिला भावासमोर कधी काही विचारू नका.

कायद्याचं थोडक्यात, कारण पोलीस स्टेशनला नवीन कार्यकर्ते गप्प उभे राहतात. बाल न्याय कायदा २०१५ चा आहे. अठराच्या आतल्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या नाहीत, २४ तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यायचं. मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक सदस्य, त्यातली एक तरी बाई. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं, लहान मुलांना उत्पन्नाची अट नाही. जामीन साधारणपणे मिळतोच, पण सुटल्यावर पोरगं परत त्याच गुन्हेगारांत जाईल असं मंडळाला वाटलं तर नाकारतात, म्हणून तुम्ही जाताना लिहून न्या की सुटल्यावर कुठं राहील, काय करेल, कोण लक्ष ठेवेल. मंडळ प्रोबेशन अधिकाऱ्याकडून १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल मागवतं, त्या अधिकाऱ्यांकडे केसेसचा ढीग असतो, तुमच्या वहीतली माहिती त्यांना सोन्यासारखी. सोळा ते अठराचा असेल आणि गुन्हा किमान सात वर्षं शिक्षेचा असेल तर मोठ्यासारखा खटला चालवायचा का ह्याची वेगळी तपासणी होते, तिथं वकील आणि समुपदेशक दोन्ही सोबत पायजेत. आणि पोराचं नाव, फोटो, शाळा कुठंही टाकायचं नाही, कलम ७४, सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिन काकांना हे नक्की सांगा. २०२४ ला पुण्यातल्या पोर्श प्रकरणात (अल्पवयीन पोराच्या गाडीने दोघांचा जीव गेला आणि मंडळाने निबंध लिहायच्या अटीवर जामीन दिला) त्या ३०० शब्दांच्या निबंधावरून सगळ्या देशाने मंडळाला हसून घेतलं, राग बरोबरच होता, पण तेव्हापासून समुपदेशन, सामाजिक सेवा असले आदेश म्हटलं की लोकांना चेष्टाच वाटते. नीट राबवले तर ते कडक असतात, रोज वेळेवर जावं लागतं ना.

पोरांना भाई लोकांनी एक वाक्य पढवलेलं असतं, तू अल्पवयीन आहेस, सुटून येशील. बाल न्याय कायद्याचं कलम ८३ त्या भाईसाठी आहे, मुलांना गुन्ह्यात वापरलं तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. चौकशीत नेहमी विचारा, कोयता कोणी आणला, पैसे कोणी दिले, व्हिडिओ काढताना कोण होतं. पोराला पण हळूच विचारा, भाई कितीवेळा तारखेला आला रे तुझ्या? (पोरं अजून स्टेटसला ३०२ लिहितात, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत खुनाचं कलम १०३ झालंय हे भाईला पण माहीत नसतं.)

मारामारीच्या जागी काय द्यायचं ह्यावर सगळं येऊन अडतं. शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी, त्याच्या तारखा आधीच बघून ठेवा, पोरगं तयार होतं तेव्हा नेमकी मुदत गेलेली असते. भरतीचं स्वप्न अर्ध्या वस्तीला असतं, पोलीस नाहीतर आर्मी, आणि एक केस पडली की त्याला वाटतं आता संपलं सगळं, मग काय फरक पडतो. त्याला सांगा की बाल न्याय मंडळातल्या केसमुळे पुढे अपात्र ठरवता येत नाही, मोठ्यासारखा खटला चालून दोषी ठरलेल्यांची गोष्ट वेगळी. पहाटे ग्राउंडवर पळायला लागलं की रात्री एकपर्यंत कट्ट्यावर बसणं आपोआप कमी. दहीहंडी ते अनंत चतुर्दशी हा आमचा सीझन, तेव्हा रिकामं ठेवूच नका, ढोलपथक, पार्किंग, पाणीवाटप, टी-शर्ट आणि गळ्यात बिल्ला द्या, ज्याला बिल्ला मिळतो तो भांडण लावणाऱ्यालाच बाजूला नेतो.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी बोलून टाका, नंतर नाही. मी तुझं सगळं पोटात ठेवीन, पण कोणाचा जीव जाणार असेल, तू स्वतःला काही करणार असशील किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर मी सांगणार. शेवटचं तर पॉक्सो कायद्याखाली सांगणं बंधनकारकच आहे. बहुतेक पोरं मान डोलावतात आणि तरीही बोलतात.

आणि तो परत मारामारी करणार, हे धरूनच चाला. वहीत सुधारला, बिघडला असले शेरे मारू नका. ह्यावेळी हत्यार होतं का, सोबत किती जण होते, आपणहून थांबला की कोणी ओढलं, आणि आधी फोन केला होता का, हे चार रकाने ठेवा. मागच्या वेळी कोयता होता आणि ह्यावेळी नुसते हात, मागच्या वेळी पोलिसांकडून कळलं आणि ह्यावेळी त्याचाच मिस्ड कॉल होता, तर पुढच्या आठवड्यात परत त्या मिस्ड कॉलपासूनच रिवाइंड सुरू करायचं.