इलेक्ट्रिक सायकल घेताना किंमत आणि टिकाऊपणा यांचा हिशेब कसा मांडावा

दुकानात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन इलेक्ट्रिक सायकलींच्या किमतीत दुपटीचा फरक असतो, आणि तरीही मोटर, बॅटरी, पल्ला यांचे माहितीपत्रकातले आकडे जवळपास सारखेच असतात. हा फरक कशाचा आहे आणि तो आपल्या वापरातून वसूल होईल का, याचे उत्तर दुकानदार देऊ शकत नाही. त्यासाठी खरेदीच्या आधी घरी बसून कागदावर हिशेब मांडावा लागतो.

१. आधी स्वतःचा वापर लिहून काढा

रोज किती किलोमीटर जायचे आहे, वाटेत चढ किती आहेत, सोबत किती ओझे असेल, सायकल पावसात उभी राहणार आहे का आणि बॅटरी काढून जिना चढावा लागेल का, हे आधी लिहा. महिन्यातून दोन-चार वेळाच सायकल बाहेर काढणाऱ्याने मोठ्या बॅटरीवर पैसे घालू नयेत, कारण लिथियम-आयन बॅटरी न वापरताही वयाने थकत जाते. अशा माणसाला साधी, स्वस्त पण सुरक्षित सायकल हाच शहाणपणाचा सौदा ठरतो.

२. बॅटरीचे गणित स्वतः करा

माहितीपत्रकातला पल्ला बहुधा हलका स्वार, सपाट रस्ता आणि मोटरची सर्वांत कमी मदत धरून काढलेला असतो, म्हणून तो बाजूला ठेवा. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की बॅटरीत मावणारी ऊर्जा वॅट-तासांत मिळते. ३६ व्होल्ट आणि १३ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ४६८ वॅट-तास असतात. पॅडल मारत, मोटरची मध्यम मदत घेत सपाट रस्त्याने गेल्यास किलोमीटरला साधारण १० ते १५ वॅट-तास लागतात. नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे पॅडल न मारता मूठ किंवा खटका वापरून मोटरवरच, किंवा चढावर त्याहून जास्त. १२ धरले, तर या बॅटरीचा खरा पल्ला ३९ किलोमीटर येतो.

आता आयुष्य पाहू. चांगल्या प्रतीची लिथियम-आयन बॅटरी साधारण ५०० ते ८०० वेळा पूर्ण चार्ज होईपर्यंत मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास टिकते, आणि दोनदा अर्धी चार्ज केली तर ते एकदाच मोजायचे असते. रोज १६ किलोमीटर आणि वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ४,८०० किलोमीटर, चालवणाऱ्याला ही बॅटरी त्या मर्यादेपर्यंत यायला कमीत कमी साडेतीन-चार वर्षे लागतील. तेव्हाही तिचा पल्ला ३१ किलोमीटर असेल, म्हणजे त्याचे काम अडणार नाही. पण ज्याला रोज एका चार्जमध्ये ३५ किलोमीटर काटायचे आहेत, त्याला हीच बॅटरी वर्ष-दोन वर्षांतच वाटेत दगा देऊ लागेल. मोठ्या बॅटरीचे जादा पैसे पहिल्याने वाचवावेत आणि दुसऱ्याने बिनदिक्कत मोजावेत, असे माझे मत आहे.

३. किलोमीटरमागे खर्च काढा

सायकलीच्या किमतीत त्या काळात लागणाऱ्या नव्या बॅटरीची किंमत आणि टायर, चेन, ब्रेक पॅड यांचा खर्च मिळवा, विकताना येणारी रक्कम वजा करा आणि एकूण किलोमीटरने भागा. विजेचा खर्च सोडून दिला तरी चालेल. वरची बॅटरी पूर्ण चार्ज करायला जेमतेम अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज लागते. मात्र नवी बॅटरी आज कितीला मिळते हे खरेदीच्या आधीच विचारून घ्या, कारण सायकलीतला सर्वांत महाग सुटा भाग बहुधा तीच असते. हा आकडा विक्रेत्याला सांगताच येत नसेल, तर स्वस्त किमतीवर भाळू नका.

४. दुरुस्ती कोण करणार, ते पाहा

हिशेब चुकतो तो बहुधा इथे. मागच्या चाकाच्या हबमध्ये मोटर असेल, तर साध्या पंक्चरसाठीही चाक काढताना आधी मोटरची वायर तिच्या जोडापाशी सोडवावी लागते, पान्याने दोन्ही बाजूंचे जाड नट ढिले करावे लागतात आणि आस फिरू नये म्हणून बसवलेले वॉशर काढून परत त्याच दिशेने लावावे लागतात. ही वायर मध्ये जोड न देता थेट कंट्रोलरपर्यंत, म्हणजे बॅटरीतून मोटरला जाणारी वीज सांभाळणाऱ्या डबीपर्यंत, नेलेली असेल, तर नेहमीचा मेकॅनिक हात लावायला कचरतो. पॅडलपाशी मोटर असलेल्या सायकलीत चाक सहज निघते, पण मोटरचा सगळा जोर चेनमधून जात असल्याने चेन आणि मागचे गिअर लवकर झिजतात.

महाग म्हणजे टिकाऊ, असेही नाही. काही नामवंत कंपन्यांची बॅटरी, मोटर आणि डिस्प्ले फक्त एकमेकांशीच जुळतात; कंपनीने ते मॉडेल बंद केले की एका भागासाठी सगळी सायकल अडून बसते. म्हणून चार्जर, कंट्रोलर आणि बॅटरी सुटे मिळतात का, आणि वॉरंटीत बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर ती बदलून मिळेल, हे लेखी घ्या.

५. काटकसर कुठे करावी

रंगीत डिस्प्ले, मोबाइल ॲप आणि मोटरचा क्षणभराचा कमाल वॉटचा आकडा यांवर पैसे वाचवावेत. अनेक देशांत २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर ही सायकलीची कायदेशीर मर्यादा आहे. तिच्यापुढे गेल्यास नोंदणी आणि विमा यांचा खर्च मागे लागू शकतो. काटकसर करू नये ती ब्रेक आणि बॅटरीच्या सुरक्षेत. वीस-पंचवीस किलोची सायकल आणि तिच्यावरचा स्वार थांबवायला डिस्क ब्रेक हवेत, आणि ईएन १५१९४ किंवा यूएल २८४९ अशा मानकाचे प्रमाणपत्र नसलेली सायकल कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, कारण सदोष लिथियम बॅटरीने घराला आग लागू शकते.

६. मोटर बंद करून चालवून पाहा

चाचणीत सगळे जण मोटर लावून फेरी मारतात. तुम्ही ती बंद करून एक चढ चढून पाहा. बॅटरी संपल्यावर सायकल याच जडपणाने घरी न्यावी लागणार आहे. किलोमीटरमागचा खर्च दोन्ही सायकलींचा सारखाच निघाला असेल, तर जी मोटरशिवाय हलकी चालते आणि जिचे मागचे चाक जवळच्या मेकॅनिकला काढता येते, ती घ्या.