लेटन्सी टेस्ट मे महिन्यात घ्या

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या मामाच्या शेडमधलं मिलिंग मशीन लिनक्ससीएनसीवर, म्हणजे पीसीवरून मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालायचं. दिवाळीत त्याचा जुना पीसी बसला. त्याच्या जागी रास्पबेरी पाय ४ हा एका बोर्डाचा छोटा संगणक लावू, असं मीच बोलून बसलो. म्हणजे पीसीतला एक्स८६ प्रोसेसर सोडून वेगळ्या जातीच्या आर्म प्रोसेसरवर जायचं.

कामं ठरल्या वेळी व्हावीत म्हणून लिनक्सचा प्रीएम्प्ट-आरटी कर्नल टाकला, लिनक्ससीएनसीचा त्यावर चालणारा यूस्पेस पर्याय घेतला, एका संध्याकाळी बिल्ड झालं. मला वाटलं, संपलं काम.

पहिली ठेच माझ्याच छोट्या सी प्रोग्रामची. टूलची यादी वाचून तो थांबेचना. एक्स८६ लिनक्सवर सीमधला साधा 'कॅर' (char, एका अक्षराची जागा) ऋण आकडा धरतो, आर्मवर धरत नाही. फाइल संपल्याचा उणे १ तिथे २५५ होतो, मग तुलना जुळणार कशी? दोन रात्री गेल्या. फाइलमधून एकेक अक्षर वाचणाऱ्या 'गेटसी'चं (getc) उत्तर 'इंट'मध्येच (int, पूर्णांकाची मोठी जागा) घ्या. हे पुस्तकात असतं, आपण वाचत नाही.

मग पॅरलल पोर्ट, म्हणजे जुन्या पीसीचा प्रिंटरचा पोर्ट, ज्यातून मोटरना इशारे जायचे. पायला तो नसतोच, आणि त्याचा ड्रायव्हर एक्स८६च्या खास इन-आउट सूचनांवर उभा. म्हणून जीपीआयओचा, म्हणजे पायच्या बोर्डावरच्या पिनांचा, ड्रायव्हर घेतला. पिना ३.३ व्होल्टच्या, आमचे स्टेपर मोटर फिरवणारे ड्रायव्हर-बोर्ड ५ व्होल्टचे. मध्ये बफर चिप टाकली.

जानेवारीत लेटन्सी टेस्ट, म्हणजे संगणकाला ठरल्या वेळेपेक्षा किती उशीर होतो याची चाचणी, झकास आली. दर ५० मायक्रोसेकंदांनी मोटरचे पल्स सोडणारा बेस थ्रेड, मशीन सुरू, मामा खूश. मे महिन्यात एक दिवस त्याने कान टवकारले. "काहून बे, मोटरचा आवाज फाटून राह्यला?" मला काहीच ऐकू येत नव्हतं. पाहिलं तर बंद डब्यातला पाय ८० अंशांना टेकलेला. तिथून तो आपला वेग आपणच कमी करतो. स्टेपच्या पल्सला उशीर होत होता, आणि एका जॉबवर भोक सरकलं.

डबा उघडा ठेवून कूलरसमोर ठेवायचा मोह होतो. ठेवू नका, ओली हवा आणि लोखंडाचा चुरा दोन्ही आत जातात. आम्ही पायवर जाड हीटसिंक चढवला, डब्याला फिल्टरचा पंखा लावला आणि मेसाचं ७सी८१ कार्ड मागवलं. आता पल्स कार्डावरचा एफपीजीए, म्हणजे हव्या कामासाठी आतून जुळवता येणारी चिप, काढतो. पायला दर मिलिसेकंदाला एसपीआय या पिनांच्या जोडणीवरून फक्त नवा वेग कळवायचा असतो.

मामा मात्र अजून स्क्रीनकडे बघत नाही. आधी कान देतो, मगच जॉब बांधतो.