बंद पडलेल्या इमारतीचा इतिहास कसा शोधायचा: मुंबईपुरती पद्धत

नावावरून शोध सुरू करू नका. मुंबईत इमारतीची नावं टिकत नाहीत. काळा घोड्याजवळचं वॉटसन्स हॉटेल पुढे महेंद्र मॅन्शन झालं, मग एस्प्लनेड मॅन्शन. लालबाग-परळकडची जेकब ससून मिल इंडिया युनायटेड मिल नंबर एक झाली. रस्त्यांचंही तेच. हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी मार्ग झाला, गिरगाव बॅक रोडचा विठ्ठलभाई पटेल मार्ग. आजचं नाव घेऊन जुन्या दप्तरात गेलात तर रिकाम्या हातांनी परत याल. शोधायचा तो जमिनीचा नंबर.

शहर भागात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, याला सी. एस. (कॅडॅस्ट्रल सर्वे) नंबर म्हणतात आणि त्याच्यासोबत डिव्हिजनचं, म्हणजे भूमापनाच्या विभागाचं नाव लागतंच. उपनगरात सी. टी. एस. नंबर आणि गावाचं नाव. डिव्हिजन चुकली की त्याच नंबरची भलतीच जागा समोर येते. भायखळा, माझगाव, लोअर परळ या डिव्हिजनच्या हद्दी आणि लोकांच्या बोलण्यातल्या हद्दी जुळत नाहीत, म्हणून पत्त्यावरून डिव्हिजन गृहीत धरू नका. नंबर मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे फाटकावर चिकटवलेली नोटीस. धोकादायक इमारतीला महापालिका १८८८ च्या कायद्याच्या कलम ३५४ खाली नोटीस देते. तिचा लांबून स्पष्ट फोटो घ्या. नोटिशीत नंबर नसेल तर महापालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशात आसपासचे दोन रस्ते आणि कोपरा पकडून जागा ओळखा.

नंबर हाती आला की मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) काढा. शहर भागासाठी नगर भूमापनाचं दप्तर फोर्टातल्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अखत्यारीत येतं. पत्रक वाचताना सगळ्यात जुन्या नोंदीपासून खाली या आणि प्रत्येक फेरफाराची तारीख, धारक आणि कारण वहीत उतरवा: विक्री, वारसा, गहाण, कोर्टाचा हुकूम. सत्ता प्रकाराचा, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे त्याचा रकाना बहुतेक जण सोडून देतात आणि तिथेच बरंच काही असतं. 'फोरास' असेल तर ती जमीन पूर्वी खाजण किंवा पाणथळ असावी आणि भरणी करून लागवडीला दिलेली असावी. भाडेपट्टा इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा असेल तर १८९६ च्या प्लेगनंतरच्या पुनर्रचनेचा धागा मिळाला. हा ट्रस्ट १८९८ मध्ये स्थापन झाला आणि १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला, म्हणजे मूळ कागदही त्याच काळातले शोधायचे. एक चूक मात्र वारंवार होते. पत्रकावरची पहिली तारीख ही भूमापनाची किंवा नोंदीची असते. ती बांधकामाची तारीख म्हणून लिहू नका.

सी. एस. नंबराच्या मागे जायला जुन्या खरेदीखताचं परिशिष्ट लागतं. त्यात एकाच वाक्यात सगळी साखळी दिलेली असते: कलेक्टरचा जुना नंबर, नवा नंबर, जुना सर्वे, नवा सर्वे, लॉटन सर्वे नंबर आणि शेवटी सी. एस. नंबर. शिवाय चतुःसीमा, म्हणजे पूर्वेला कोणाची मालमत्ता, पश्चिमेला कोणता रस्ता. खत पाहायला मिळालं नाही तरी वकिलांच्या जाहीर नोटिसा वर्तमानपत्रांत छापून येतात आणि त्यांत हेच परिशिष्ट पुष्कळदा जसंच्या तसं असतं. इमारत विक्रीला निघाल्यावरच्या दोन-तीन वर्षांतले अंक त्यासाठी चाळावेत. कर्नल लॉटन यांचं सर्वेक्षण १८६५ ते १८७२ या काळातलं. तो नंबर सापडला तर त्या वेळी तुमच्या जागी बंगला होता, वाडी होती की नुसती मोकळी जमीन, हे त्या सर्वेक्षणाच्या नकाशाच्या शीटवर दिसतं.

बांधकामाचा काळ तीन-चार बाजूंनी आवळत आणायचा. उपकरप्राप्त इमारत, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत असेल तर म्हाडाच्या यादीतला वर्ग पाहा. 'अ' वर्ग म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीची, 'ब' म्हणजे तिथपासून १९५० अखेरपर्यंतची, 'क' म्हणजे १९५१ पासून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतची. 'अ' वर्ग फार ढोबळ आहे, त्यात १८७० ची चाळही येते आणि १९३८ चीही. महापालिकेच्या करनिर्धारण नोंदवहीत इमारतीवर पहिल्यांदा कर कधी लागला हे कळलं तर ती तारीख वापर सुरू झाल्याच्या जवळची असते. पुरातन वास्तूंच्या यादीत (मुंबईची नियमावली १९९५ ची) नाव असेल तर श्रेणीसोबतचं वर्णन घ्या, पण त्यातला सन दुसऱ्या पुराव्याशिवाय वापरू नका.

इमारत स्वतःही बोलते, तेही फुटपाथवरून. सकाळी आठ-नऊला किंवा उतरत्या उन्हात तिरका प्रकाश पडला की पुसट कोरीव अक्षरं वर येतात. साधी दुर्बीण पुरते. लोखंडी तुळयांवर पोलाद कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. 'डॉर्मन लाँग' दिसलं तर तुळई इंग्लंडमधून मिडल्सबरोहून आलेली. 'टाटा' असेल तर १९१२ च्या आधीची नाहीच, कारण जमशेदपूरचं पोलाद तेव्हा सुरू झालं. मंगलोरी कौलावर '१८६५' पाहून हुरळून जाऊ नका. तो बासेल मिशनच्या कौलांच्या कारखान्याच्या स्थापनेचा सन आहे, कौल पुढच्या कित्येक दशकांतलं असू शकतं. शिवाय कौलं बदलली जातात, तुळया सहसा नाहीत.

दगडावरच्या सनांचं गणित चुकतं. शकात ७८ मिळवा (जानेवारी ते फाल्गुन ७९). गुजराती संवतातून ५७ वजा करा, पण तिथी जानेवारीनंतरची असेल तर ५६. पारशी इमारतींवर यज्दगर्दी सन असतो. त्यात ६३० मिळवा, तारीख जानेवारीपासून पुढच्या पारशी नववर्षापर्यंतची असेल तर ६३१. य. ज. १२५० म्हणजे १८८०-८१. लेख बहुधा गुजरातीत असतो, म्हणून वाचणारा सोबत घ्या.

आता माणसं. मालक कोण हे पत्रक सांगतं, राहत कोण होतं हे नाही. त्यासाठी एशियाटिक सोसायटी किंवा एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात जुन्या डिरेक्टऱ्या, म्हणजे रहिवासी आणि व्यवसायांच्या छापील याद्या पाहा. पुराभिलेखागारात जाताना ओळखपत्र आणि शिफारसपत्र न्या, विषय दोन ओळींत लिहून न्या. 'एका इमारतीबद्दल काहीही' अशी मागणी केलीत तर कर्मचाऱ्याला कोणतं बाड काढावं हेच कळत नाही. विभागाचं नाव आणि पाच वर्षांचा टप्पा द्या.

गिरण्यांची वाट वेगळी. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर मुंबईतल्या तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन १९८३ मध्ये केंद्राने ताब्यात घेतलं आणि १९९५ मध्ये त्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यांचे कागद राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे असायला हवेत. दिवाळखोरीत निघालेल्या खासगी गिरणीसाठी उच्च न्यायालयाच्या अधिकृत लिक्विडेटरच्या, म्हणजे बुडालेली कंपनी गुंडाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या फायली. कामगारांशी बोलताना सन विचारू नका. 'तुम्ही कोणत्या खात्यात होतात, साचा की सायझिंग? जॉबर कोण होता? भोंगा किती वेळा व्हायचा?' असं विचारलं की तपशील आपोआप येतात, आणि सन तुम्ही संपाच्या आधी-नंतर लावून काढता.

सरकारी फाइल दाखवत नसतील तर माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. 'का पाडली नाही?' असे प्रश्न फेटाळले जातात. 'अमुक सी. एस. नंबरवरील कलम ३५४ च्या सर्व नोटिसांच्या प्रती' असं मागा. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

आत जायचं नाही. बिनपरवानगी घुसणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गुन्हा आहे, पण त्याहून मोठं कारण पायाखालची जमीन. सडलेल्या सागवानी तुळयांवर लाद्या शाबूत दिसतात आणि पाय टाकताच कोसळतात. वॉटसन्सच्या सज्जाचा भाग २००५ मध्ये पडला आणि त्यात एक जीव गेला. लेखी परवानगी मिळालीच तर मालकाचा माणूस सोबत हवा आणि भिंतीच्या कडेने चालायचं.

वहीत तीन रकाने ठेवा: कागदी पुरावा, इमारतीवरचा पुरावा, ऐकीव. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन्समध्ये ल्युमिएर बंधूंची चलचित्रं दाखवली गेली, हे पहिल्या रकान्यात, कारण त्या दिवसाच्या 'टाइम्स'मधली जाहिरात आहे. जमशेटजी टाटांना तिथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ती तिसऱ्या रकान्यात, कागद सापडेपर्यंत.