नकाशात सौंदत्ती कोरीच का राहते? आकड्यांचं चित्र काढताना या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्याचा तालुकावार नकाशा पहिल्यांदा रंगवला की हमखास एक अडचण येते: सौंदत्ती आणि बैलहोंगल पांढरेच राहतात. फाईल बिघडलेली नसते. २०११च्या जनगणनेत सौंदत्तीची नोंद ‘परसगड’ नावानं आहे, बैलहोंगलची ‘संपगाव’ नावानं. निपाणी, कागवाड, मूडलगी, कित्तूर हे तालुके तर त्या यादीत नाहीतच. ते नंतर झाले. निपाणीची माणसं तेव्हा चिक्कोडी तालुक्यात मोजली होती. म्हणून जुने आणि नवे तक्ते नावावरून जोडू नका. गावपातळीचे आकडे घ्या, जनगणनेच्या गावकोडावरून जोडा आणि मग आजच्या तालुक्यांप्रमाणे बेरीज करा.

आपल्या सीमाभागात नावांचा हा घोळ पावलोपावली नडतो. मराठी यादीत बेळगाव, कन्नडमधून आलेल्या कागदात बेळगावी, १ नोव्हेंबर २०१४च्या आधीच्या इंग्रजी फाईलीत बेलगाम. संगणकाला ही तीन शहरं वाटतात आणि आलेखात एका उंच खांबाऐवजी तीन बुटके खांब उभे राहतात. चित्र सुंदर दिसतं, म्हणून चूक लक्षातही येत नाही. मी नावांचा रकाना आधी वेगळा काढते, अकारविल्हे लावते आणि छापून हाताने तपासते. हजार ओळी असल्या तरी ही एक संध्याकाळ सत्कारणी लागते.

दुसरी चूक सरासरीची. खानापूर तालुक्यातल्या, घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, अथणीला काही शेच. जिल्ह्याची सरासरी काढून एकच रंग दिला तर तो ना खानापूरच्या भातशेतकऱ्याचा पाऊस असतो, ना अथणीकराचा. प्रत्येक पर्जन्यमापक केंद्राचा वेगळा छोटा आलेख काढा, सगळ्यांना मोजपट्टी मात्र एकच ठेवा. लोकसंख्येच्या नकाशातही असंच फसायला होतं: खानापूर पसरलेलं, पण बराच भाग जंगल. तिथे एकूण आकडा रंगवू नका, दर चौरस किलोमीटरचा रंगवा.

लाखभर ठिपके एकावर एक पडून काळा डाग झाला असेल, तर नकाशावर चौकटी पाडा आणि चौकटीतल्या ठिपक्यांच्या संख्येप्रमाणे रंग गडद करा. खांबांचा आलेख शून्यापासूनच सुरू करा.

आणि मराठी अक्षरांचं. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) एक्सेलमध्ये उघडल्यावर नावांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसला, तर ती तशीच जतन करू नका; ‘डेटा’मधल्या ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने मूळ फाईल पुन्हा आत घ्या आणि अक्षरांची सांकेतिक पद्धत ‘यूटीएफ-८’ निवडा. आलेखात ‘चिक्कोडी’तला ‘क्क’ फुटत असेल, तर चित्र एसव्हीजीमध्ये (ठिपक्यांऐवजी रेषा आणि मजकूर साठवणाऱ्या चित्रप्रकारात) काढा, मजकूर मजकूरच ठेवा आणि ब्राउझरमध्ये उघडा. तिथे जोडाक्षरं नीट जुळतात.