कोकणातून परदेशी घरसामान पाठवताय? या चुका टाळा

जहाजाने पाठवलेलं सामान समुद्रात खराब होतं, असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. खरं तर बिघडायचं ते बरंचसं इथेच, पडवीत खोकी भरताना बिघडलेलं असतं. कुणी आंब्याच्या पेटीत भांडी भरतं, कुणी यादीत नुसतं 'इतर वस्तू' लिहून मोकळं होतं. मग लंडनच्या किंवा मेलबर्नच्या बंदरात सामान अडकलं की रात्री-अपरात्री रत्नागिरीला फोन सुरू होतात. तिकडचा कस्टम्स अधिकारी आपल्याला ओळखत नाही. त्याच्यासमोर असते आपली यादी आणि एक उघडलेलं खोकं. म्हणून खोक्यावर टेप मारण्याआधी आतल्या प्रत्येक वस्तूबद्दल सांगता आलं पाहिजे की ती कशाची आहे, किती जुनी आहे आणि कोणाची आहे.

आंब्याची पेटी हाताशी आहे म्हणून

आंब्याचा मोसम संपला की घरोघरी रिकाम्या पेट्या आणि पेंढा पडून असतो. काचसामान त्यात छान बसतं, पण परदेशी पाठवायला ही जोडी सर्वांत वाईट. भाताचा पेंढा, तूस, सुकं गवत यांतून कीड आणि पिकांचे रोग जातात, म्हणून अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असे देश ते आत येऊ देत नाहीत. पेटीच्या लाकडाचीही तीच गोष्ट. आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे पॅकिंगचं कच्चं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं किंवा मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं असावं लागतं, आणि त्यावर लोंबीचं चिन्ह असलेला शिक्का लागतो. गावातल्या सुताराने कितीही मजबूत क्रेट ठोकून दिला तरी त्यावर हा शिक्का नसतो. प्लायवूडला या नियमातून सूट आहे. तेव्हा क्रेट हवाच असेल तर प्लायवूडचा करा, नाहीतर नवी, जाड पुठ्ठ्याची खोकी विकत घ्या. बाजारातून आणलेली फळांची, भाज्यांची, अंड्यांची जुनी खोकीही वापरू नका.

याच्याच जोडीला आपली तांबडी माती. सायकलचे टायर, बुटांचे तळवे, कोयती, कुदळ, मुलांची क्रिकेटची किट, सगळ्याला ती चिकटलेली असते आणि आपल्या डोळ्यांना ती दिसतही नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मातीचा एक थर दिसला तरी वस्तू बाजूला काढतात आणि साफसफाईचा खर्च आपल्याकडून घेतात. बूट ब्रशने घासून, धुऊन, कडक वाळवून मगच भरा. हिराची केरसुणी, सूप, काथ्याची पायपुसणी इथेच कुणाला तरी देऊन टाका.

शिसवी पलंग, मोडी कागद, भिंतीवरचं शिंग

वाड्याची वाटणी झाल्यावर वाट्याला आलेल्या वस्तू बरोबर न्याव्यात असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण कोकणातल्या घरांसाठी सर्वांत महागात पडणारी चूक नेमकी इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पुरावशेष व कलावस्तू कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, कोरीव लाकूडकाम, कलाकुसरीची धातूची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितांसाठी आणि दस्तऐवजांसाठी हीच मर्यादा ७५ वर्षांची आहे. म्हणजे पणजोबांच्या हातची पोथी किंवा मोडी कागदांचं दप्तर 'जुने कागद' म्हणून खोक्यात टाकून चालणार नाही. ते नीट स्कॅन करून घ्या आणि मूळ कागद गावच्या घरी विश्वासू माणसाकडे ठेवा. आजीची समई किंवा पितळी देव दिसायला जुने वाटतात, पण तितके जुने नाहीत अशी खात्री असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावशेष नाही' असा दाखला आधीच घ्या. न्हावा शेवा बंदरात कस्टम्स अधिकाऱ्याला एका मूर्तीची शंका आली तर फक्त मूर्ती थांबत नाही, सगळं सामान थांबतं.

लाकडातही फरक आहे. सागवानाला अडचण नाही. शिसव मात्र ज्या वृक्षवंशात येतो तो संपूर्ण वंश जानेवारी २०१७ पासून साइट्स या, धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. लहानसहान वस्तूंना आणि तयार वाद्यांना सवलत आहे, पण शिसवी पलंग किंवा कपाट परवान्याशिवाय निघू शकत नाही. यादीत फक्त 'लाकडी पलंग' असं लिहून प्रश्न सुटत नाही. तपासणीत लाकूड ओळखलं जातं आणि मग खुलासा करणं अवघड होतं. लाकडातून पीठ पडत असेल, म्हणजे आत भुंगा असेल, तर ती वस्तू पाठवायचा विचारच सोडा.

ओटीवर टांगलेलं सांबराचं शिंग, मालवणच्या किनाऱ्यावर गोळा केलेले प्रवाळाचे तुकडे, मोरपिसांचा पंखा. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे यातलं काहीही परदेशी नेता येत नाही. आजोबांच्या काळापासून घरात आहे, हा बचाव तिथे चालत नाही.

खाऊ आणि देवपूजेचा डबा

सासूबाई प्रेमाने डबे भरून देतात आणि नको म्हणणं जड जातं, हे मला समजतं. तरीही जहाजाच्या सामानात खाण्याचा एकही पदार्थ ठेवू नका. भारतात खाप्रा भुंगेरा ही साठवणीच्या धान्याची कीड आहे. तिच्या भीतीने ऑस्ट्रेलियाने २०२० पासून तांदूळ, कडधान्यं, शेंगदाणे, धने, जिरे, बडीशेप, सुक्या मिरच्या असे जिन्नस मागाहून येणाऱ्या घरसामानात बंद केले आहेत. सोडे आणि सुके बोंबील तर कागदपत्रांत बसले तरी वासाने अख्ख्या खोक्यातले कपडे वाया घालवतात.

गल्फला जाणाऱ्यांनी एक गोष्ट मनावर घ्यावी. यूएई आणि सौदी अरेबियात खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते. अनारशासाठी बांधून दिलेली पुडी तर नकोच, पण घरच्या मालवणी मसाल्यात खसखस पडलेली असते हेही विसरू नका. कोडीन, ट्रामाडॉल असलेल्या गोळ्यांचंही तसंच.

देवघराच्या डब्यातून कापूर आणि आगपेटी बाजूला काढा. कापूर ज्वलनशील घन पदार्थ म्हणून धोकादायक मालात मोडतो. अत्तर, नेलपॉलिश, स्प्रेचे डबे, रंग, सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि गॅसचं सिलिंडरही त्याच कारणाने नकोत.

पावसाळ्यात केलेलं पॅकिंग

व्हिसाची तारीख पाऊस बघून येत नाही, त्यामुळे जुलैमध्ये सामान भरावं लागतंच. मात्र ओलावा बाहेरून येतो असं समजून सगळं प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळणं ही चूक आहे. कोकणातल्या हवेत लाकडाने, पुठ्ठ्याने, गाद्यांनी आणि पुस्तकांनी आधीच पाणी धरलेलं असतं. ते सामानाबरोबर कंटेनरमध्ये बंद होतं. दिवसा कंटेनर तापला की वाफ होते, रात्री किंवा थंड समुद्रात छत गार झालं की तिचे थेंब होऊन सामानावर पडतात. प्लास्टिकमध्ये आवळलेल्या कपाटाला आतूनच बुरशी येते.

उघडीप मिळेल तसं कपड्यांना, गाद्यांना, पुस्तकांना ऊन द्या. ऊन नसेल तर पंख्याखाली किंवा इस्त्री करून सुकवा. फ्रिज निदान दोन दिवस बंद करून दार उघडं ठेवा, वॉशिंग मशीनच्या नळीतलं पाणी काढा. लाकडी वस्तूंना आधी कागद आणि घोंगडी गुंडाळा, प्लास्टिक फक्त वरून, तेही सैल. कपडे पूर्ण कोरडे असतील तरच हवा काढलेल्या पिशव्या वापरा. पूर्ण कंटेनर तुमचाच असेल तर कॅल्शियम क्लोराइडच्या ओलावा शोषणाऱ्या पिशव्या आत टांगायला सांगा. रिकाम्या कंटेनरमध्ये उभं राहून दारं लावून घ्या. कुठूनही उजेडाचा कवडसा आला तर तो कंटेनर परत पाठवा.

तारखेत थोडी मोकळीक असेल तर गणपतीचे दिवस सोडा. त्या काळात मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घालतात, आणि सामान न्हावा शेवाला पोचायचं तर रस्त्यानेच. आपल्या वाडीतल्या पाणंदीत मोठी गाडी येत नाही, हेही पॅकर्सना आधी सांगा. नाहीतर ऐन वेळी छोट्या टेम्पोच्या खेपा, पनवेलच्या गोदामात पुन्हा चढउतार, आणि प्रत्येक चढउतारीला फुटण्याची नवी संधी.

वजन मोजलं, जागा मोजली नाही

पाटा-वरवंटा ठेवून दिला आणि उशा-गाद्या घेतल्या, असं पुष्कळ जण करतात. जहाजाने जाताना हिशोब उलटा आहे. इतरांबरोबर एकत्र कंटेनरमध्ये जाणाऱ्या सामानाचं भाडं घनमीटरवर असतं आणि एका घनमीटरला एक टनापर्यंत वजन चालतं. घरसामान तितकं भरतच नाही. म्हणून पितळी घंगाळ स्वस्तात जातं आणि कापसाची गादी महाग पडते. ४५ बाय ४५ बाय ६० सेंटिमीटरची आठ खोकी म्हणजे जवळजवळ एक घनमीटर. विमानाने पाठवताना यातल्याच एका खोक्यात फक्त उशा असल्या तरी ते सुमारे २० किलोचं धरलं जातं, कारण तिथे लांबी, रुंदी, उंचीच्या गुणाकाराला ६००० ने भागतात.

दरपत्रकात 'बंदरापर्यंत' आहे की 'दारापर्यंत' ते वाचा. बंदरापर्यंतचा दर मोहक असतो. तिकडची हाताळणी, कस्टम्सची तपासणी, गोदामभाडं आणि घरापर्यंतची गाडी यांचं बिल मग परक्या चलनात येतं.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी मिक्सर, वॉशिंग मशीन इथेच विकावं. तिथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ वीज आहे.

कागद सामानाच्या आधी

प्रत्येक देशाची अट वेगळी आहे. ब्रिटनला जाताना करसवलतीसाठी टीओआर-१ अर्ज करून क्रमांक आधी मिळवावा लागतो. वस्तू निदान सहा महिने तुमच्याकडे असाव्या लागतात आणि तुम्ही किमान बारा महिने ब्रिटनबाहेर राहिलेले असावे लागता. अमेरिकेत यासाठी कस्टम्सचा ३२९९ क्रमांकाचा फॉर्म आहे, आणि घरगुती वस्तू वर्षभर वापरलेल्या असल्या तर त्यांना शुल्क नाही. कॅनडात पहिल्यांदा उतरताना विमानतळावरच 'मागाहून येणाऱ्या वस्तूंची यादी' सादर करून शिक्का घ्यावा लागतो. गल्फमध्ये रहिवासी व्हिसा किंवा इकामा (राहण्याचा परवाना) हातात येण्याआधी सामान सोडू नका. लग्नाच्या आहेरातले सीलबंद डबे 'वापरलेलं घरसामान' ठरत नाहीत, त्यांची बिलं वेगळी जपा.

नावाचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. लग्नानंतर पासपोर्टवर माहेरचं आडनाव, व्हिसावर सासरचं. कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे गाळलेलं. पॅकर्सची यादी, विमा आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने माल घेतल्याची पावती) या तिन्हींवर पासपोर्टवरचंच नाव, त्याच स्पेलिंगने आणि त्याच क्रमाने घाला. बिल ऑफ लेडिंगचा मसुदा जहाज सुटण्याआधी मागून वाचा. जहाज सुटल्यावरच्या दुरुस्तीला पैसे पडतात आणि दिवसही जातात. फरक राहून गेलाच असेल तर विवाह नोंदणी दाखला आणि प्रतिज्ञापत्र तिकडच्या एजंटकडे जहाज पोचण्याआधी पाठवा.

मूळ प्रमाणपत्रं, जमिनीचे कागद, दागिने आणि चालू औषधं हातातल्या बॅगेतच न्या.

विमा, आणि सामान दारात आल्यावर

स्वतः भरलेल्या खोक्यांतली फूटतूट बहुतेक पॉलिसींत धरत नाहीत. यादीत त्या खोक्यापुढे 'मालकाने भरलेलं' अशी नोंद असते. काचेचं आणि चिनी मातीचं सामान म्हणूनच पॅकर्सच्या माणसांना भरू द्या. विम्यात 'जनरल ॲव्हरेज' आहे का, हेही विचारा. २०२१ च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' अडकलं, आणि नंतर जहाजाच्या मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. याचा अर्थ जहाज वाचवायचा खर्च आतल्या सगळ्या मालाच्या धन्यांनी वाटून घ्यायचा. ज्याचं सामान शाबूत आहे त्यालाही हमी दिल्याशिवाय ते मिळत नाही, आणि विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते.

सामान घरी आलं की यादीतला एकेक क्रमांक मिळवून बघा. एखादं खोकं कमी असेल, ओलं किंवा चेपलेलं असेल तर पावतीवर तसं लिहा, मगच सही करा. 'सर्व ठीक' लिहून दिलेल्या कागदानंतर दावा टिकवणं फार कठीण जातं. फोटो खोकं उघडण्याआधी एक, उघडल्यावर एक असे काढा. बुरशीचा वास आला तर ते खोकं घरात न उघडता गॅलरीत किंवा गॅरेजमध्ये उघडा. दाव्याची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते आणि ती थोड्याच दिवसांची असते, त्यामुळे बाकीची खोकी लावायच्या आधी विमा कंपनीला ईमेल करा. सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत फुटलेली वस्तू आणि तिचा पुठ्ठा, दोन्ही तसेच राहू द्या.