बरोबरचे चिन्ह म्हणजे ‘उत्तर लिहा’ नव्हे

ठाण्यात नौपाड्याला संध्याकाळी चौथी-पाचवीच्या मुलांच्या वह्या तपासताना मला वारंवार दिसते की, मुलांना आकडेमोड येते, पण चिन्ह काय सांगते आहे ते वाचायचे राहून जाते.

सर्वांत रुजलेली चूक बरोबरच्या चिन्हाची. ‘१२ + ८ = २० − ५ = १५’ असे मुले बिनदिक्कत लिहितात. उत्तर चुकलेले नसते, पण या मांडणीचा अर्थ १२ अधिक ८ म्हणजे १५ असा होतो. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली या चिन्हासाठी दोन समांतर रेघा निवडल्या, त्या याहून अधिक सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत म्हणून. मुलाला ‘८ + ४ = □ + ५’ हे उदाहरण घालून पाहा; चौकटीत ७ ऐवजी १२ आले, तर चिन्ह समजलेले नाही असे खुशाल समजावे आणि काही दिवस प्रत्येक पायरी नव्या ओळीत लिहायला लावावी.

दुसरी चूक ‘कंचेभागुबेव’ (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रियांचा क्रम) पाठ असणाऱ्यांचीच अधिक होते. बेरीज वजाबाकीच्या आधी येते असे मानून २० − ८ + ५ चे उत्तर ७ काढले जाते. वास्तविक या दोन्ही क्रियांचा मान सारखा असल्याने डावीकडून उजवीकडे जायचे असते आणि उत्तर १७ येते. भागाकार-गुणाकारालाही हाच नियम आहे, म्हणून २४ ÷ ४ × २ म्हणजे १२, ३ नव्हे.

येथे मोठी माणसेही फसतात. गावदेवी मंडईत ४० रुपयांचा नारळ आणि प्रत्येकी १५ रुपयांच्या तीन जुड्या घेतल्या, तर दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर ४० + १५ × ३ ही बटणे ओळीने दाबल्यास सहसा १६५ येतात, कारण ते यंत्र प्रत्येक क्रिया लगेच उरकते. मोबाईल मात्र ८५ दाखवतो, आणि द्यायचे तेवढेच असतात. साध्या यंत्रावर गुणाकार आधी करून घ्यावा.

वजाबाकीत ५०२ − २७८ चे उत्तर ३७६ आले, तर प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा झाला आहे, म्हणजे दशक उसना घेतलेलाच नाही. उत्तरात २७८ मिळवून पाहिले की ६५४ येतात आणि चूक मुलाला स्वतःलाच दिसते.